ताई, ते केस घालवायचं मशीन घेऊ का?

यावेळी पत्रं आणि मेल दोन्हीकडे एकच विषय, घरी वापरायचं लाइटचं हेअर रिमूव्हल मशीन, म्हणजे आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, जोरदार उजेडाचे फ्लॅश). सेल लागले की हे होतंच. म्हणून केस गळणं, कोंडा, टाचांच्या भेगा सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, रागावू नका. आणि एक आधीच सांगते, मी ठाण्यात एका स्किन क्लिनिकच्या लेझर रूममध्ये बरीच वर्षं काम केलंय पण मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे सरळ डॉक्टरकडे जा असंच लिहिणार.

प्रश्न : ताई, मी नेरूळला राहते, ऐरोलीला आयटीत आहे. दर महिन्याला वॅक्सिंगला जायचं आणि त्याआधी आठवडाभर पाय झाकून फिरायचं याचा कंटाळा आलाय. सेलमध्ये बावीस हजारांचं आयपीएल मशीन बघून ठेवलंय. रंग गव्हाळ, केस काळे. जाहिरातीत म्हणतात केस कायमचे जातात. खरंच जातात का पैसे पाण्यात?

उत्तर : पाण्यात नाही जाणार. गव्हाळ रंग आणि काळे जाड केस म्हणजे या मशीनचं अगदी आवडतं गिऱ्हाईक. पण जाहिरातीत सांगतात तसं कायमचं काही जात नाही, आणि का जात नाही ते एकदा समजून घेतलंस तर खालच्या निम्म्या पत्रांची उत्तरं तुझी तुलाच मिळतील.

मशीनमधून जोरात फ्लॅश पडतो, केसातला काळा रंग म्हणजे मेलॅनिन तो उजेड शोषून घेतो, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला चटका देते. भर दुपारी वाशी स्टेशनबाहेर लावलेल्या स्कूटरची काळी सीट बसवत नाही इतकी तापते आणि शेजारच्याची फिकट सीट त्यामानाने बरी असते, तोच प्रकार. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या हार्वर्डच्या दोन डॉक्टरांनी १९८३ मध्ये हे नीट मांडलं, की योग्य उजेड निवडला तर नेमकी रंग असलेलीच गोष्ट तापवता येते आणि आजूबाजूचं वाचवता येतं. क्लिनिकमधलं लेझर घे किंवा तुझ्या कार्टमधलं मशीन, सगळं त्यावरच चाललंय.

आता गोम अशी की मेलॅनिन कातडीतही असतं. त्यामुळे त्वचा जितकी सावळी तितका उजेड वाटेतच खाल्ला जातो, मुळापर्यंत कमी पोचतो आणि वरची कातडी मात्र भाजू शकते. क्लिनिकच्या लेझरमध्ये एकच ठरलेली वेव्हलेंग्थ असते, ७५५, ८१० किंवा १०६४ नॅनोमीटर, आणि समोर माणूस बसून सेटिंग बदलत असतो. आयपीएलमध्ये साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा मिश्र उजेड असतो, आणि घरी बघायला कोणी नाही म्हणून कंपन्या ताकद मुद्दाम कमी ठेवतात, साधारण ३ ते ७ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर, तिथे क्लिनिकमध्ये १० ते ४० पर्यंत जातात. इतक्या कमी ताकदीत बरीचशी मुळं मरत नाहीत, नुसती झोपतात. मशीन कपाटात गेलं की काही महिन्यांत उठून बसतात. अमेरिकेची औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था एफडीएसुद्धा लेझरला केस कायमचे काढणारं म्हणू देत नाही, परत येणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते एवढंच म्हणू देते, आणि ते क्लिनिकच्या मशीनबद्दलसुद्धा तेवढंच.

दुसरी गोष्ट, सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. पायावर एका वेळी जेमतेम २० ते ३० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि चटका फक्त त्यांनाच नीट लागतो, बाकीचे आराम करत असतात. म्हणून आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, जे तुझ्या मशीनच्या पुस्तिकेत असेल ते, दोन-तीन महिने न चुकता करायचं. मग पायावरचे केस विरळ होतात, बारीक होतात, आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांनी टचअप. जोवर हवंय तोवर टचअप, हे धरूनच चाल.

आणि त्या तीन लाख, पाच लाख फ्लॅशच्या आकड्याला भुलू नकोस गं. दोन्ही पायांना मिळून एका वेळी हजार फ्लॅश लागले असं अगदी सढळ हाताने धरलं तरी तीन लाखात तीनशे वेळा होतं, आठवड्याला एकदा केलंस तरी पावणेसहा वर्षं. दिवा संपायच्या आधी आपला उत्साह संपतो. त्यापेक्षा बॉक्सवर ज्यूलचा आकडा दिलाय का बघ (स्वस्तातल्या मशीनवाले तो लिहितच नाहीत), त्वचेचा रंग ओळखणारा सेन्सर आहे का, फ्लॅश जिथून पडतो ती खिडकी केवढी आहे, आणि बिघडलं तर इथे कुठे दुरुस्त करतात. आइस कूलिंग म्हणून जे जास्तीचे पैसे घेतात त्याने चटका कमी जाणवतो, केस जास्त जात नाहीत.

माझं मत विचारशील तर पायांसाठी घे. हाताचं मात्र जरा बघून, कारण तू पाम बीच रोडवरून स्कूटरने जात असशील तर कोपरापासून खालचा हात आणि वरचा हात यांचा रंग वेगळा असणार. टॅन झालेल्या हातावर दंडाचं सेटिंग चालत नाही. आधी काही आठवडे फुल स्लीव्ह्ज आणि सनस्क्रीन, टॅन उतरू दे, मग सुरू कर. मे महिन्यात अलिबागला जाऊन आल्या आल्या मशीन हातात घ्यायचं नाही.

प्रश्न : कासारवडवलीहून लिहितेय. माझं मशीन घेऊन तीन महिने झाले, फरक शून्य. मध्ये फंक्शन असलं की वॅक्सिंग करतेच, नाहीतर कसं दिसेल! शिवाय मारताना जळका वास येतो. मशीन खराब आलंय का?

उत्तर : मशीन बिचारं ठीक असणार. वॅक्सिंग केलंत म्हणजे केस मुळासकट उपटलात, आणि उजेडाला पकडायला आत काळं काही उरलंच नाही, मग फ्लॅश कोणाला मारताय? थ्रेडिंग, प्लकर, एपिलेटर सगळ्यांना तेच लागू. या मशीनबरोबर फक्त रेझर चालतो, कारण रेझर वरचा केस कापतो आणि आतला तसाच ठेवतो. ब्लीचही नको, केसाचा काळा रंगच उडाला तर उजेडाला दिसणार काय. फंक्शन असलं तर आदल्या दिवशी रेझर फिरवा, कोणाला कळत नाही.

जळका वास येतो तो वर राहिलेल्या खुंटांचा. केस कातडीच्या वर दिसत असेल तर सगळी उष्णता तिथेच खर्च होते, वर चटकाही बसतो. तेव्हा आधी नीट, अगदी हात फिरवला तर गुळगुळीत लागेल इतकं शेव्ह करा, त्वचा कोरडी करा, त्यावर तेल, लोशन, डिओ काही नको. खिडकी कातडीला सपाट टेकली पाहिजे, नडगीच्या हाडावर ती कलते आणि बऱ्याच जणींचे तिथलेच केस राहतात, तिथे पाय थोडा वळवून पोटरीकडून कातडी ओढून घ्यायची.

एक गंमत सांगते जी पुस्तिकेत धड लिहिलेली नसते. फ्लॅश मारल्यावर आठ-दहा दिवसांनी केस वाढतायत असं वाटतं आणि बायका चिडतात. ते वाढत नसतात, बाहेर ढकलले जात असतात. अंघोळीनंतर टॉवेलने जरा घासून बघा, काळे ठिपके टॉवेलवर येतात आणि जागा रिकामी राहते. तसं होत असेल तर काम चाललंय. आजपासून वॅक्सिंग बंद, आणि केस जरा परत आले की पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. आधीचे तीन महिने विसरून जा.

प्रश्न : मॅडम, वय २४, खारघर. मला पीसीओएस आहे, हनुवटीवर आणि गळ्यावर जाड केस येतात, दर चार दिवसांनी प्लक करते, सगळीकडे डाग पडलेत. क्लिनिकचं पॅकेज परवडत नाही. मैत्रीण म्हणते घरचं मशीन घे, वर्षभरात सुटशील. घेऊ का?

उत्तर : नको गं. बाकी सगळ्यांना मी "बघा, विचार करा" म्हणते, तुला सरळ नको म्हणते.

कारण एक, तुझ्या हनुवटीवर नवीन जाड केस हॉर्मोनमुळे तयार होतायत. शरीरात अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हॉर्मोन जास्त असलं की लव असलेली मुळंसुद्धा हळूहळू जाड काळा केस द्यायला लागतात, म्हणजे तू इकडून दहा झोपवणार आणि तिकडून नवे उठणार. क्लिनिकच्या लेझरलासुद्धा पीसीओएसमध्ये जास्त सिटिंग लागतात ते याचमुळे, घरचं मशीन तर त्याच्यापुढे फारच लहान.

कारण दोन जास्त महत्त्वाचं आहे आणि विकणारा ते सांगत नाही. काही जणींना लाइट किंवा लेझर मारल्यावर केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, जिथे मारलं त्याच्या कडेने नवे जाड केस येतात. डॉक्टर त्याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. जबड्याची कड आणि गळा इथे हे जास्त दिसतं, आपल्यासारख्या सावळ्या दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या बायकांत जास्त, आणि हॉर्मोनचा त्रास असेल तर आणखी. कमी ताकदीचा उजेड मुळाला मारायच्या ऐवजी जागं करत असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आता घरचं मशीन म्हणजे कमी ताकदच की. अशा मुली मी क्लिनिकमध्ये पाहिल्यात, आधी हनुवटीपुरते केस होते आणि येताना कानाच्या पाळीपर्यंत रेघ घेऊन आलेल्या. तिथून परत आणायला जास्त पैसे लागतात.

तर काय करायचं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनच्या डॉक्टरकडे) जा, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, जे ते सांगतील ते करून घे. गोळ्या सुरू झाल्या तर केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी धर, केसाचं चक्रच तेवढं लांब असतं, दोन महिन्यांत सोडू नकोस. आणि गोळ्या मैत्रिणीच्या बघून घ्यायच्या नाहीत, यातल्या काही गरोदरपणात अजिबात चालत नाहीत. पाळी बंद, आवाज घोगरा, केस अचानक भराभर वाढले असं काही झालं तर अपॉइंटमेंटसाठी महिना थांबू नकोस, लगेच जा.

मग लेझर, त्वचारोगतज्ज्ञाकडे, आणि फक्त हनुवटी आणि गळा. पॅकेजवाले फुल फेस विकतात, तुला कपाळ आणि गालाची गरज नाही, स्पष्ट सांग. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात त्वचा विभाग असतो, निदान तपासणी आणि औषधं तिथे स्वस्तात होतात, नंबर लावावा लागतो एवढंच. तोवर प्लकर सोड, डाग त्यानेच पडतायत. छोटा फेस रेझर वापर. हो, हनुवटीवर रेझर. आई ओरडेल, ओरडू दे, खाली एका आईला उत्तर दिलंय ते तिला वाचायला दे.

प्रश्न : वय ५८, नौपाडा. पाळी गेल्यापासून हनुवटीवर चार-पाच टोचरे केस येतात, पांढरे. सुनेकडे मशीन आहे, ती म्हणते वापरा की आई. वापरू?

उत्तर : काकू, सुनेचं मन राखायला वापरलंत तरी काही होणार नाही, कारण काहीच होणार नाही! पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, उजेडाला तो दिसतच नाही. क्लिनिकच्या लेझरचंही तेच. पांढऱ्यावर चालतं ते इलेक्ट्रोलिसिस, बारीक सुई मुळात घालून वीज सोडतात, रंगाचा संबंधच नाही. जुनी गोष्ट आहे, १८७५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी ती पहिल्यांदा वापरल्याची नोंद आहे. पण चार-पाच केसांसाठी एवढा खटाटोप कशाला, उजेडात आरसा धरा आणि चिमट्याने काढा.

प्रश्न : घणसोली. माझ्या मशीनवर अंडरआर्मला लाल लाइट लागतो, फ्लॅशच येत नाही, पायावर मस्त चालतं. यूट्यूबवर सांगितलं पावडर लावून बघा. आणि भावाने आता एक साडेतीन हजारांचं दाखवलंय, ते म्हणे सगळीकडे चालतं.

उत्तर : पावडर लावून सेन्सरला फसवशील, कातडीला कसं फसवणार? सेन्सरने तुझ्या काखेची कातडी बघितली आणि म्हणाला इथे मारलं तर भाजेल. त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार करतात, पहिला सगळ्यात गोरा, सहावा सगळ्यात सावळा. फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरने १९७५ मध्ये ही पद्धत सुरू केली. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात. बॉक्सवरचा तक्ता बघ, बहुतेक मशीन चौथ्यापर्यंत, काही पाचव्यापर्यंत, सहाव्याला जवळपास कोणीच नाही. पाय चौथ्यात आणि काख पाचव्या-सहाव्यात असं एकाच माणसात असतं, त्यात नवल काही नाही.

साडेतीन हजारांचं सगळीकडे चालतं कारण त्याला बहुधा सेन्सरच नाही. एक तर त्यात दम नसतो, नुसता फोटोचा फ्लॅश, आणि दम असला तर भाजतं. भाजलेले पाय पाहिलेत मी, मशीनच्या खिडकीच्या मापाचे चौकोनी डाग, एकाशेजारी एक, ओळीत. आपल्या कातडीला भाजलं की तिथे काळं पडतं आणि ते जायला महिने लागतात. कुठलंही मशीन असो, नव्या जागी आधी एकच फ्लॅश सर्वात कमी सेटिंगला, आणि दोन दिवस वाट बघायची. तीळ, टॅटू, मेंदीचा रंग यावर मारायचंच नाही. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हातही लावू नकोस. गरोदर असशील तर तेवढे महिने बंद.

काखेसाठी क्लिनिकमधलं १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग लेझर विचार, ते सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित. आणि काळपटपणा नुसता रेझर, घट्ट कपडे, डिओचा आहे की मानेवरही तसाच मखमली, जाडसर काळा पट्टा आहे ते आरशात बघ. मानेवर असेल तर आधी शुगर तपासून घे. त्याचा इन्सुलिनशी संबंध असतो, घासून निघत नाही तो.

प्रश्न : मुलगी नववीत, वाशीच्या शाळेत. युनिफॉर्म स्कर्ट आहे, मुलं पायावरून चिडवतात, रडत येते. तिला रेझर देत नाही, केस राठ होतील म्हणून. त्यापेक्षा मशीन घ्यावं म्हणते.

उत्तर : मशीन नको, पुस्तिकेतच १८ वर्षांच्या खाली नको लिहिलेलं असतं, आणि त्या वयात हॉर्मोन अजून बसलेले नसतात, आज झोपवलेला केस उद्या नव्याने येणार. रेझर द्या. रेझरने केस राठ होत नाहीत, मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हे तपासून दाखवलंय, कापलेल्या टोकाला धार असते म्हणून हाताला जाड लागतो एवढंच. शंभर वर्षं होत आली तरी आपल्या घराघरात अजून तेच! आणि चिडवणाऱ्या पोरांचं काय? वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा. पाय तिचे आहेत, तिला नको वाटत असतील केस तर काढू दे, हवे असतील तर राहू दे, पण मुलांना गप्प करायला म्हणून नको.

प्रश्न : मी पुरुष आहे, चालेल ना विचारलेलं? कोपरखैरणे. दाढी केली की गळ्यावर पुटकुळ्या, केस आत वळतात. बायकोच्या मशीनने गळ्याची दाढी कमी करता येईल?

उत्तर : चालेल की, या सदरावर कोणाच्या नावाची पाटी नाही. पण दाढीवर बायकोचं मशीन नको. दाढीचे केस इतके दाट आणि काळे की तिथे उष्णता फार होते, दुखतं आणि भाजतं, पुस्तिकाही पुरुषांच्या चेहऱ्याला नाहीच म्हणतात. छाती-पाठीला चालतं, रंग बसत असेल तर. गळ्यासाठी आधी पाच ब्लेडचा रेझर सोडा, ट्रिमरने अगदी थोडी खुंटं ठेवून कापा, बऱ्याच जणांचं त्यातच भागतं. नाही भागलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लेझर, आत वळणाऱ्या केसांवर ते खरोखर चांगलं आहे.

प्रश्न : ऐरोलीत पीजीमध्ये चौघी राहतो. वर्गणी काढून एकच मशीन घेतलं तर चालेल का? की इन्फेक्शन वगैरे?

उत्तर : चालेल, उलट शहाणपणाचं आहे, एकटीने घेतलेली मशीनं दोन महिन्यांनी ड्रॉवरमध्ये जातात, चौघी असल्या की एक तरी आठवण करते. दर वेळी खिडकी पुसायची, कशाने ते पुस्तिकेत बघा, स्पिरिट प्रत्येक मशीनला चालत नाही. कोणाच्या पायाला जखम किंवा फंगस असेल तर तिने थांबायचं. रेझर मात्र प्रत्येकीचा वेगळा, त्यात भागीदारी नाही. सेटिंग आधीच्या मुलीचं तसंच राहतं, गोरी मैत्रीण पाचवर मारून गेली आणि तू सावळी त्याच पाचवर सुरू झालीस तर भाजशील, त्यामुळे प्रत्येकीचा नंबर बॉक्सच्या झाकणावर लिहून ठेवा. फ्लॅश मारताना दिव्याकडे बघायचं नाही. आणि कोणी लग्न करून किंवा पुण्याला बदली होऊन गेली तर मशीन कोणाचं, हे पैसे भरायच्या आधीच ठरवा, त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका.